कल्ल्याचा एकशे ब्याऐंशीवा दिवस

ह्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवू पण नका. माझं वय चौऱ्याहत्तर, आणि मी कधी खरं बोलल्याचा एकही साक्षीदार आमच्या गल्लीत जिवंत नाही. तरी सांगतो. अमेरिकेचा नागरिक असलेल्या एका माणसाला मी एक दुधाचं कॅलेंडर, एक म्हैस आणि नऊशे मेंढरं एवढ्याच्या जोरावर सोलापूरचा रहिवासी करून टाकला. सरकारी कागदावर. दोन्ही देशांची सरकारं बघत बसली.

तो माणूस म्हणजे माझा चुलतभाऊ कल्लप्पा. मी त्याला कल्ल्या म्हणतो. तो मला शिव्या म्हणतो. माझं नाव शिवानंद, मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आमच्यात मोठ्या भावाला अण्णा म्हणायची पद्धत, पण त्याच्या तोंडून तो शब्द मी शेवटचा ऐकला तेव्हा मला मिशी फुटली नव्हती.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. टॅक्सवाल्या मॅडमच्या ऑफिसात दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर करकरणारा पंखा, आणि प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. बँकेचे, शाळेचे, एसटीचे, सगळे रिटायर झालेले लोक. मॅडम आत, बाहेरच्या टेबलावर त्यांच्याकडं शिकणारी ऋतुजा नंबर देत होती. कल्ल्याचा नंबर अकरा. सहावा आत गेला होता.

माझं तिथं काही काम नव्हतं. मी सूतगिरणीत छत्तीस वर्षं जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होतो आणि माझी पेन्शन एवढीशी, की टॅक्सवाल्यांनी तिच्याकडं बघितलं तर त्यांनाच लाज वाटेल. मी आलो होतो फक्त कल्ल्याचं तोंड बघायला. रिक्षा त्यानंच केली होती. मी नुसता बसलो.

माझ्या शेजारी हरिबा म्हणून एक गृहस्थ होते, सांगोल्याकडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कल्ल्याच्या मांडीवरची जाड फाईल बघितली आणि मला हळूच विचारलं, "पावणं लई मोठ्या हुद्द्यावर व्हते जनू?"

"पाहुणे नाहीत ते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "एकतीस मार्चपर्यंत होते. आता इथलेच झालेत. मी केलंय त्यांना इथलं."

"झालं सुरू," कल्ल्या समोरच्या खुर्चीतून म्हणाला. "अहो, ह्याचं काही ऐकू नका. ह्यानं गिरणीत सुताच्या जागी थापाच कातल्या."

"तुझ्यासारखं नाही ना, देश विकून डॉलर कातले."

"विकायला तुझ्याकडं काय होतं रे? बायकोची सोन्याची बोरमाळ पण तू गहाण टाकली होतीस."

हरिबांनी खुर्ची थोडी मागं घेतली. ऋतुजानं मान वर केली. एवढी माणसं ऐकायला बसली म्हटल्यावर मला थांबणं शक्य नव्हतं.

कल्ल्या अठ्ठ्याऐंशी साली ओहायोला गेला. तिथं मशीनचे भाग करणाऱ्या कारखान्यात चढत चढत मोठा झाला, तिकडचा नागरिक झाला, मग रिटायर झाला. बायको तिकडंच वारली. मुलगा अमरेश, तो तिसऱ्याच राज्यात, विमानानं चार तासांवर. मग ह्याला सोलापूर आठवलं. आमच्या घरावर ह्यानं आधीच एक मजला चढवून ठेवला होता. खाली मी आणि माझी बायको गौरम्मा, वर हा. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास येणार आणि मार्चमध्ये ऊन तापलं की पळणार.

येऊन राहणार, पण राहतोय म्हणून कबूल करणार नाही. गल्लीतली गटार तुंबली, घरटी तीनशे रुपये काढायचं ठरलं. हा गॅलरीतून म्हणाला, "मी नॉन-रेसिडेंट आहे." बोअरची मोटर जळाली. "मी इथं राहत नाही, मी येतो फक्त." नगरसेवकाकडं सगळी गल्ली गेली, ह्याला बोलावलं तर दारातून म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा, मी इथला नव्हे." अंघोळ आमच्या बोअरच्या पाण्यानं, आणि इथला नव्हे!

"मोटरीचे पैसे मी नंतर दिले," कल्ल्या म्हणाला.

"गौरम्मानं तुझा चहा बंद केल्यावर दिलेस."

"दिले की नाही?"

"दिलेस. आणि माझी आई गेली तेव्हा काय दिलंस?"

हे मला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं. कल्ल्याची आई तो तीन वर्षांचा असताना गेली, आणि त्याला माझ्या आईनं वाढवला. माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिनं त्याच्या ताटात घातली आहे. ती गेली तेव्हा मी टेलिफोन बूथवर दीड तास उभा राहून ओहायोला फोन लावला. हा म्हणाला, सुट्टी मिळत नाही.

"मातीला आला नाहीस," मी म्हणालो.

"तिकिटाला पैसे नव्हते तेव्हा माझ्याकडं," कल्ल्या म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "नवीन नोकरी होती, तीन महिने पण झाले नव्हते. तीस वर्षं झाली सांगून. तुला ऐकूच घ्यायचं नाही, तर मी काय करू?"

"शूऽ," ऋतुजा म्हणाली. "मॅडम आतून ओरडतील. आजोबा, भांडायचं असेल तर जिन्यात जाऊन भांडा."

"भांडत नाही बाई, गोष्ट सांगतोय. तुझ्याच कायद्याची गोष्ट आहे. एकशे ब्याऐंशीची. तूच सांग ह्यांना."

ऋतुजाला तेवढं आवडलं. तिनं पेन खाली ठेवलं. "एक एप्रिल ते एकतीस मार्च हे वर्ष. त्यात एकशे ब्याऐंशी किंवा जास्त दिवस भारतात काढले की माणूस रहिवासी. आलेला दिवस आणि गेलेला दिवस, दोन्ही धरून चालायचं, असं मॅडम सांगतात. दिवस कमी भरले तर फक्त इथल्या कमाईपुरतं रिटर्न. कल्लप्पा आजोबांचं म्हटलं तर ठेवीचं व्याज, बास. पण कोरोनात ते दोन वर्षं इथंच अडकले होते. कायदा मागचे दिवस पण मोजतो, त्यात ती दोन वर्षं आहेत, आणि मागचे सगळे हिवाळे पण आहेत. म्हणून यंदा एकशे ब्याऐंशी भरले की तिकडचं सगळं इथं दाखवायचं. पेन्शन, खाती, शेअर, घर. एखादं खातं दाखवायचं राहिलं तर दहा लाखांच्या दंडाचा कायदा आहे."

"धा लाख!" हरिबा म्हणाले.

"आणि तिकडचं रिटर्न सुटत नाही ते वेगळंच," ऋतुजा म्हणाली. "अमेरिकेचा नागरिक चंद्रावर राहायला गेला तरी त्यानं अमेरिकेत रिटर्न भरायचं. देशाबाहेर राहणाऱ्याला पंधरा जूनपर्यंत सवलत, एवढंच. एकाच पैशावर दोनदा कर बसू नये म्हणून दोन देशांचा करार आहे. पण कागद दोन्हीकडं करायचे."

"ऐकलंत?" मी हरिबांना म्हणालो. "तिकडचं वर्ष जानेवारीला सुरू, इथलं एप्रिलला. ह्या माणसाला दोन वर्षं एकदम म्हातारं व्हावं लागतं. म्हणून हा एकशे ब्याऐंशीला वाघाला भ्यावं तसा भ्यायचा. एकशे पन्नास झाले की ह्याची झोप उडायची. आणि मला तेवढंच पाहिजे होतं. म्हटलं, तू इथला नव्हेस काय? थांब. तुला इथला करून सोडतो. तुझ्या सहीनं लिहून घेतो, की हा कल्लप्पा सोलापूरचा रहिवासी आहे. मग बघतो गटारीचे पैसे कसे देत नाहीस."

"एवढ्यासाठी?" ऋतुजा म्हणाली.

"एवढ्यासाठी म्हणजे? तीनशे रुपये आहेत!"

दोघं-तिघं हसले. कल्ल्या हसला नाही. त्यानं फाईल उघडली, एक कागद वर काढला आणि वाचत असल्यासारखं करू लागला.

आता त्याची मोजायची पद्धत ऐका. पासपोर्टवर शिक्के दोनच, आल्याचा आणि गेल्याचा. मधले दिवस रोजच्या रोज कुठं लिहायचे? फोनमध्ये लिहायला हा तयार नाही. म्हणे फोनमध्ये टाकलं की तिकडं पोचतं. मग ह्यानं आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर धरलं. आमच्याकडं येडू गवळी दूध घालतो, आणि गौरम्मा त्या-त्या तारखेच्या चौकोनात आकडा टाकते. आम्हा दोघांचं एक लिटर. कल्ल्या आला की दीड. येडू आला नाही की खाडा. महिना संपला की त्यावरून दुधाचा हिशेब. कल्ल्या दर रविवारी चष्मा लावून खाली यायचा, भिंतीपुढं उभा राहायचा, आणि बोट ठेवून दीड-दीड मोजायचा. अमेरिकेत संगणकावर अख्खा कारखाना चालवलेला माणूस! गौरम्माच्या दुधाच्या आकड्यांवर ह्याचं रहिवासीपण टांगलेलं.

"त्यात चूक काय?" हरिबांनी विचारलं. "आमी बी असंच मोजतो की."

"चूक खाड्यात. येडू आला नाही म्हणजे दूध आलं नाही. पण कल्ल्या तर वर पलंगावर पसरलेलाच असतो ना? हा दीडचेच चौकोन मोजायचा. ज्या दिवशी खाडा, त्या दिवशी ह्याच्या मोजणीत हा सोलापुरात नाहीच! कुठं होता? हवेत होता."

ऋतुजा मोठ्यानं हसली. "अहो, मग दरवर्षी चुकलं असेल."

"चुकलंच. पण आधी हा वीस-वीस दिवस राखून पळायचा, म्हणून कळलं नाही. मी मात्र ओळखलं. म्हटलं, खाडे वाढवायचे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. येडू यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात जातो, तीन दिवस दूध नाही. तीन खाडे आयते मिळाले. फेब्रुवारीत मी येडूची म्हैस पळवली."

"म्हैस?" हरिबा म्हणाले.

"पहाटे गोठ्यात गेलो, तिच्या कानात कन्नडमध्ये दोन शब्द बोललो, आणि घेऊन निघालो. मराठी तिला कळत नाही, ती अक्कलकोटकडची. दिवसभर बागेत फिरवली. भेळ खाऊ घातली. संध्याकाळी तिला परत जायचंच नव्हतं. येडू गल्लोगल्ली म्हशीच्या नावानं हाका मारत फिरत होता. एक खाडा. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन माझ्या दारात येऊन उभी राहिली. दुसरा खाडा."

"त्या म्हशीला काविळीची लस टोचली होती म्हणून येडू आला नव्हता," कल्ल्या कागदातून डोकं वर न काढता म्हणाला.

"म्हशीला कावीळ होते का रे?"

"कसली तरी लस होती. बोल, बोल. तुझं होऊ दे."

"झाले पाच खाडे. आता मोजा. हा आला एकोणतीस सप्टेंबरला. मार्चच्या सुरुवातीला ह्यानं भिंतीपुढं उभं राहून दीड-दीड मोजले आणि अठ्ठावीस मार्चच्या रात्रीचं विमान धरलं. ह्याच्या हिशेबानं तो एकशे शहात्तरावा दिवस. पाच दिवस हाताशी राखून चाललोय म्हणून खूश होता. गल्लीत शिट्टी वाजवत फिरत होता. ऋतुजा, तू मोज खरे किती."

ऋतुजानं कागदावर आकडे मांडले. सप्टेंबरचे दोन, ऑक्टोबरचे एकतीस, असं पुटपुटत खाली आली. "अठ्ठावीस मार्च धरून एकशे एक्याऐंशी."

"बघा!" मी हरिबांच्या गुडघ्यावर थाप मारली. "एकशे एक्याऐंशी! एक दिवस! फक्त एक दिवस ह्याला अडवायचा. रात्री बारापर्यंत हा भारताच्या मातीवर पाहिजे, की तारीख बदलली, आणि झाला रहिवासी. जगाला ओरडून सांगितलेलं, मी इथला नव्हे, मी इथला नव्हे. एका दिवसानं सगळं पुसून टाकायचं."

"लई वंगाळ की वो तुमी," हरिबा म्हणाले. पण ते पुढं सरकून बसले होते.

आतून सातवा नंबर गेला, आठवा गेला. कल्ल्यानं रुमालानं मान पुसली. त्याच्या फाईलवर ओहायोच्या बँकेची तीन पाकिटं होती, आणि तो त्यांच्या कडा एकसारख्या करत होता. सरळ करायचा, परत वाकड्या करायचा. माझ्याकडं बघत नव्हता. मला बरं वाटत होतं. निदान मी तसं दाखवत होतो.

"मग अडवलं कसं?" ऋतुजानं विचारलं.

"बाई, सकाळची मुंबईची गाडी. ह्यानं पहिल्या वर्गाचं तिकीट काढलेलं, पायाखाली दोन बॅगा, गळ्यात ती उशी. मी आदल्या दिवशीच मोहोळच्या रस्त्याला जाऊन आलो होतो. येडूचा मेव्हणा बिरुदेव तिकडं मेंढरं घेऊन उतरला होता. सातशे मेंढरं."

"सातशे?" हरिबा कंडक्टर जागे झाले. "सातशे मेंढरं म्हंजी किती हुतात ठावं हाय का? सांगोल्याच्या बाजाराला बी येवढी येत न्हाईत."

"तुम्ही सांगोल्याचे म्हणून तुम्हाला सातशे सांगितली. खरी नऊशे होती. मी बिरुदेवाला म्हटलं, भाऊ, पाकणी गाव मागं गेलं की रूळ लागतो. तिथं ही सगळी बसव. तो म्हणाला, मेंढरं रुळावर बसत न्हाईत, रूळ तापतो. मी म्हटलं, प्रत्येकीच्या खाली एक-एक ओलं पोतं घाल. नऊशे पोती! सोलापुरातल्या एकाही दुकानात त्या दिवशी पोतं शिल्लक नव्हतं. आडत्यांनी तूर उघड्यावर ओतली."

"आन् ड्रायव्हरनं भोंगा वाजिवला न्हाय?"

"वाजवला की. पण मेंढरं ती! त्यांना वाटलं, पुढारी आले. उठून रांगेत उभी राहिली आणि परत बसली."

आता सगळं ऑफिस ऐकत होतं. एक बाई तर नंबर पुकारला तरी उठेना. मला असं ऐकणारं माणूस मिळालं की माझा माझ्यावर ताबा राहत नाही.

"गाडी थांबली सकाळी. नऊ वाजले, दहा वाजले. लोक खाली उतरले. कुणी मेंढीचं दूध काढून चहा केला. एका डब्यातल्या मुलाचं आणि दुसऱ्या डब्यातल्या मुलीचं लग्न ठरलं, रुळावरच सुपारी फुटली. टीसी खाली उतरला दंड करायला. नऊशे मेंढरं, विनातिकीट रेल्वेच्या हद्दीत. तो पावत्या फाडायला लागला, तर एका एडक्यानं पावतीपुस्तक खाल्लं. मग चार्ट खाल्ला. त्यात कल्लप्पाचं नाव होतं. म्हणजे रेल्वेच्या लेखी पण हा माणूस गाडीत नाही!"

"पेपरात कसं काय आलं न्हाई मग?" हरिबांनी विचारलं.

"वार्ताहर आला होता. त्याची वही पण खाल्ली."

"आणि हे काय करत होते तेव्हा?" ऋतुजानं कल्ल्याकडं बोट केलं.

"हा? हा दारात उभा राहून इंग्लिशमध्ये शिव्या देत होता. मेंढरांना इंग्लिश येत नाही. मग मराठीत दिल्या. मग कन्नडमध्ये. तीन भाषांत भीक मागितली ह्यानं, हात जोडून! बिरुदेवा, मला जाऊ दे, माझे एकशे ब्याऐंशी होतील! बिरुदेव म्हणाला, शिवानंद मालकांना विचारा. मी तिथंच लिंबाखाली खाटेवर झोपलो होतो. म्हटलं, कल्ल्या, एकदा म्हण, मी इथला आहे. म्हटलास की मेंढरं उठवतो. मेला तरी म्हणेना! मग काय, बस. ऊन उतरलं, रात्र झाली, ह्याचं विमान मुंबईहून उडालं. आमच्या डोक्यावरनं गेलं. ह्यानं वर बघून रुमाल हलवला. आणि बारा वाजले तशी मी मेंढरं उठवली. एकशे ब्याऐंशी! मी तिथल्या तिथं हलग्या लावल्या. हा बिरुदेवाच्या टेम्पोत, मेंढरांत बसून, रडत रडत घरी आला. मी पंधरा तास—"

"सुळ्ळ!"

कल्ल्या उभा राहिला होता. कन्नडमध्ये एवढा मोठा शब्द ऑफिसात कुणी टाकला नव्हता. आतून मॅडमनी दार उघडलं.

"सुळ्ळ! साफ खोटं!" त्याचं बोट माझ्या नाकासमोर होतं. "एक मेंढरू नव्हतं रुळावर. गाडी वेळेवर सुटली. आणि विचारा ह्याला, पाच खाडे माझ्या मोजणीतून गळाले हे मला कोणी दाखवलं? ह्यानंच! कॅलेंडर भिंतीवरून काढून वर घेऊन आला, आणि 'अरे मूर्खा, एकशे एक्याऐंशी होतायत' म्हणून माझ्या अंगावर फेकलं. तिथनं पुढं रोज सकाळी जिन्याखाली उभा राहून ओरडायचा. आज एकशे सत्तर, कल्ल्या! आज एकाहत्तर! बॅग भर! सगळ्या गल्लीला माझे दिवस पाठ झाले होते. मी म्हटलं तिकीट पुढं ढकलतो, तर गौरम्माला म्हणाला, ह्याला जेवायला घालू नको. स्टेशनवर दोन्ही बॅगा ह्यानं उचलल्या, हमालाला हात लावू दिला नाही. खिडकीतून भाकरीचा डबा आत कोंबला आणि म्हणाला, जा, नाहीतर दोन्हीकडची सरकारं तुला सोलतील, तुझं म्हातारपण कागदं भरण्यात जाईल. गाडी हलली तरी खिडकीचा गज सोडत नव्हता, प्लॅटफॉर्मवर पळत होता, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! मला कोणी अडवलं नाही. जेऊरला गाडी दोन मिनिटं थांबली, आणि मी माझ्या पायानं खाली उतरलो, अण्णा."